मध्यंतरातील साक्ष : फुटबॉल आणि सुवार्ताप्रसाराच्या परदेश दौऱ्यांची पार्श्वभूमी

पुण्यातील कॅम्प आणि खडकी भागांतल्या चर्चच्या तरुण संघांना फुटबॉल नवा नाही. रविवारची उपासना आटोपली की बूट पिशवीत टाकून मैदान गाठणारी मुले इथे नेहमीच दिसतात. परंतु आठ-दहा दिवस परदेशी जायचे, तिथल्या संघांशी सामने खेळायचे, लहान मुलांना खेळाचे धडे द्यायचे आणि त्याच मैदानावर येशूची सुवार्ता सांगायची, असा दौरा ठरला की घरची वडीलधारी माणसे विचारतात, हा खेळ की धर्मकार्य? हा प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये असा विचार रुजला की कणखर शरीर आणि संघवृत्ती ही ख्रिस्ती चारित्र्याचीच अंगे आहेत. शाळांतून तो चर्चमध्ये आला, आणि कामगार वस्त्यांतील तरुणांना दारू व मारामाऱ्यांपासून दूर ठेवण्यासाठी चर्चनी खेळाचे संघ उभारले. आज ज्यांचे सामने पुण्यातील मुले रात्री जागून पाहतात त्या ॲस्टन व्हिला (१८७४), एव्हर्टन (१८७८) आणि मँचेस्टर सिटी (१८८०) या क्लबांची मुळे अशा चर्चशी निगडित गटांत आहेत. पुढे १८८५ मध्ये इंग्लंडचा कसोटी क्रिकेटपटू सी. टी. स्टड केंब्रिजच्या सहा सोबत्यांसह मिशनरी म्हणून चीनला गेला, तेव्हा खेळाडूच्या नावलौकिकाचा प्रचाराला किती उपयोग होतो, हेही मिशनांच्या ध्यानात आले.

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण श्रीनगरचे आहे. तिथल्या मिशन शाळेत १८९० मध्ये रुजू झालेल्या इंग्रज मिशनरी टिंडेल-बिस्को यांनी पुढच्याच वर्षी मुलांसमोर चामड्याचा चेंडू ठेवला. मुले बहुतेक ब्राह्मण. चामडे विटाळाचे म्हणून ती चेंडूला शिवेनात. बिस्कोंनी शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन त्यांना मैदानाभोवती उभे केले आणि खेळ सुरू करायला लावला. चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला, तो बाटला म्हणून एकच गलका झाला. तेव्हा बिस्कोंनी त्याला जवळच्या पाण्यात तोंड धुवायला पाठवले आणि सामना पुन्हा सुरू केला. ही हकिकत बहुधा कौतुकाने सांगितली जाते. शिवाशिवीला धक्का बसला याचे कौतुक मलाही आहे, पण त्या काठ्या मला विसरता येत नाहीत. त्याच सुमारास आपल्या पुण्यात पालवणकर बाळू, चांभार समाजातील असामान्य गोलंदाज, हिंदू संघातून खेळत होते. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे, चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. खेळाने माणसे जवळ येतात, हे त्यामुळे अर्धेच खरे आहे.

आजच्या दौऱ्यांचा साचा मात्र अमेरिकेतून आला, तोही बास्केटबॉलमधून. १९५२ मध्ये तिथल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाचा संघ तैवानला गेला आणि सामन्याच्या मध्यंतरात खेळाडूंनी प्रेक्षकांना आपली साक्ष, म्हणजे येशूवरील विश्वासाचा स्वतःचा अनुभव, सांगितली. पहिल्या अर्धात रंगलेला खेळ, घामाने भिजलेला जर्सीतला मुलगा, हाती ध्वनिक्षेपक, शेजारी दुभाषा आणि निकालासाठी थांबलेली गर्दी, हे दृश्य पुढे फुटबॉलनेही उचलले. खेळायला एक चेंडू पुरतो आणि भाषा न येताही खेळता येते, म्हणून जगभर फुटबॉलच अधिक सोयीचा ठरला. २००२ चा विश्वचषक जिंकल्यावर ब्राझीलच्या खेळाडूंनी मैदानावरच रिंगण करून प्रार्थना केली, तेव्हा विश्वास आणि फुटबॉल यांची जोडी कोट्यवधींनी पाहिली. २००९ मध्ये अशाच प्रार्थनेनंतर फिफाने ब्राझीलला समज दिली.

माझ्या मते या परंपरेतील नाजूक जागा मध्यंतराचीच आहे. खेळायला आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पुढे प्रवचन आहे हे ठाऊक नसेल, किंवा नवे बूट साक्ष ऐकल्यावरच मिळणार असतील, तर ती काठीचीच सौम्य आवृत्ती होते. आईवडिलांना आधी स्पष्ट सांगितले आणि न थांबणाऱ्यालाही चेंडू दिला, तर मात्र साक्ष ही साक्षच राहते.

कायद्यानेही हीच रेषा आखली आहे. आपल्या संविधानाचे कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देते; त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात ठरवले. पुण्यातील संघाला सर्वांत सोपा परदेश म्हणजे नेपाळ, कारण भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. परंतु तिथे २०१५ च्या संविधानाने धर्मांतर घडवण्यास मनाई केली असून २०१८ मध्ये अमलात आलेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तिकडे निघणाऱ्या तरुणांना हे घरून निघण्यापूर्वी, चर्चच्या पाळकांच्याच तोंडून कळायला हवे.