‘अतिरेकी’ म्हणणं: मत कुठं संपतं, आरोप कुठं सुरू होतो

मत म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. एखादं सरकार चांगलं की वाईट, यावर दहा जणांची दहा मतं असतात. घोळ आहे तो दुसऱ्या बाजूला. वस्तुस्थितीचं विधान म्हणजे खरं विधान, अशी समजूत पक्की बसली आहे. म्हणून पुरावा मागितला की लोक सरळ सांगतात, “हे माझं मत आहे.” हे साफ चूक आहे. जे तपासता येतं ते वस्तुस्थितीबद्दलचं विधान. ते खोटं निघालं तर खोटं विधान ठरतं, मत होत नाही.

टिळकांचंच घ्या. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलनं १९१० मध्ये त्यांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटलं. हे मत. आपण तर ते बिरुद म्हणून मिरवतो. पण त्याच लिखाणात त्यानं रँड आणि जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या खुनांशी टिळकांचा संबंध जोडला. इथं मताचा प्रांत संपला. रँडचा खून झाला त्या १८९७ मध्ये टिळकांना शिक्षा झाली ती राजद्रोहासाठी, खुनासाठी नव्हे. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांनी लंडनमध्ये चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. ज्यूरीचा कौल मला पटत नाही, पण ‘खुनाशी संबंध’ हे पुराव्यानं तपासायचं विधान होतं, एवढं नक्की.

आज ‘नक्षलवादी’ हा शब्द असाच फेकला जातो. “याची धोरणं नक्षलवाद्यांच्या पथ्यावर पडतात” हे मत आहे, खुशाल मांडा. “हा नक्षलवादी आहे” हे वेगळं. भाकप (माओवादी) ही नक्षलवाद्यांची संघटना २००९ पासून यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे, आणि बंदी घातलेल्या संघटनेचं नुसतं सदस्यत्वही गुन्हा ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये सांगितलं. याउलट माओवादी विचार बाळगणं एवढ्यानं कुणी गुन्हेगार होत नाही, असं केरळ उच्च न्यायालय २०१५ मध्येच म्हणालं होतं. विचार आणि सदस्यत्व यांतलं हे अंतर एका शब्दात पुसलं जातं, आणि समोरच्यावर गुन्ह्याचा आरोप लागतो. मग विचारायलाच हवं: कोणती संघटना, कोणतं कृत्य, कधी?

सुरुवातीला “मला वाटतं” जोडून सुटका होत नाही. “मला वाटतं त्यानं पैसे खाल्ले” हा आरोपच आहे. या पळवाटेची मला सर्वांत जास्त चीड येते.

आणि कसोटी दोन्हीकडे सारखी लावा. सत्ताधाऱ्याला ‘फॅसिस्ट’ म्हणणं बहुतेक वेळा मत असतं. त्यामागची कारणं द्या, समोरचा वाद घालेल. “अमक्यानं दंगल घडवून आणली” म्हणालात तर मात्र तारीख, ठिकाण, साक्षीदार आणि खटल्याचा निकाल दाखवावा लागेल.