एल्स्टन हॉवर्ड : कॅचर ते प्रशिक्षक
न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने 1969 मध्ये एल्स्टन हॉवर्ड यांना पहिल्या बेसवरचे, म्हणजे तिथे उभे राहून धावणाऱ्या खेळाडूंना सूचना देणारे, प्रशिक्षक नेमले आणि अमेरिकन लीगला (अमेरिकेतील मेजर लीग या सर्वोच्च स्तराच्या दोन भागांपैकी एकीला) पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक मिळाला. ही नेमणूक किती उशिरा झाली, हे त्यांची आधीची कारकीर्द पाहिल्याशिवाय कळत नाही.

हॉवर्ड यांचा जन्म 1929 मध्ये सेंट लुईस येथे झाला. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमधील कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात बक ओ'नील यांच्या हाताखाली ते तयार झाले आणि 1950 मध्ये यांकीजने त्यांना करारबद्ध केले. कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांनी मेजर लीगमध्ये उतरून 1947 मध्येच वर्णभेदाची भिंत ओलांडली होती, तरीही यांकीजच्या मुख्य संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, म्हणजे स्वतः हॉवर्ड, मैदानात उतरायला 1955 उजाडले. तोवर मेजर लीगमधील 16 पैकी 12 संघांनी हे पाऊल उचललेले होते. संघ सरावासाठी फ्लोरिडाला गेला की तिथल्या वर्णभेदामुळे त्यांना सहकाऱ्यांपासून वेगळे राहावे लागे.

मूळचे आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातले क्षेत्ररक्षक, असलेल्या हॉवर्ड यांना यांकीजने कॅचर बनवायचे ठरवले आणि त्यासाठी बिल डिकी या जुन्या नामवंत कॅचरकडे त्यांना शिकायला दिले. कॅचर हा क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखा भासतो खरा, पण त्याची जबाबदारी त्याहून मोठी असते: प्रत्येक चेंडू कोणता टाकायचा, हे तो बोटांच्या खुणांनी पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सुचवतो आणि समोरच्या फलंदाजाचे कच्चे दुवे लक्षात ठेवतो. अडचण एवढीच होती की त्या जागेवर यांकीजचे नावाजलेले कॅचर योगी बेरा होते. त्यामुळे हॉवर्ड यांना कित्येक वर्षे आउटफिल्डमध्ये आणि पहिल्या बेसवरही खेळावे लागले. 1961 मध्ये मुख्य कॅचर म्हणून त्यांनी फलंदाजीत .348 ची सरासरी राखली, तर 1963 मध्ये 28 होम रन आणि 85 धावांना हातभार लावून ते अमेरिकन लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. हा मान मिळवणारे त्या लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय.

ऑगस्ट 1967 मध्ये त्यांना बॉस्टन रेड सॉक्सकडे पाठवण्यात आले. त्याच महिन्याच्या 27 तारखेला शिकागोविरुद्ध बॉस्टन 4-3 असे पुढे असताना, शेवटच्या डावात बॉस्टनच्या होजे टार्टाबुल यांनी आउटफिल्डच्या उजव्या बाजूला झेल घेऊन केलेली फेक उंच आली. हॉवर्ड यांनी उडी मारून चेंडू पकडला आणि खाली येताना डाव्या पायाने होम प्लेट (जिथे पोहोचले की धाव मिळते) अडवून धावत आलेल्या केन बेरी यांना बाद केले. सामना तिथेच संपला. बॉस्टनने ते लीग अवघ्या एका सामन्याच्या फरकाने जिंकले, म्हणून त्या एका क्षणाचे मोल फार मोठे आहे.

14 हंगामांत 10 जागतिक मालिका (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम लढती) खेळलेल्या, पिचरांना जवळून ओळखणाऱ्या अशा माणसाला व्यवस्थापकपद, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची जागा, मिळणे स्वाभाविक होते आणि त्यांना ते हवेही होते. फ्रँक रॉबिन्सन 1975 मध्ये क्लीव्हलँडचे, मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक झाले. यांकीजमध्ये मात्र राल्फ हाउक यांच्यानंतर बिल व्हर्डन, बिली मार्टिन आणि बॉब लेमन आले. 1977 आणि 1978 ची जागतिक मालिकेची विजेतेपदे आली. हॉवर्ड पहिल्या बेसपाशीच राहिले. माझ्या मते हा त्यांच्यावर झालेला उघड अन्याय होता. त्यांच्याबरोबर 1969 मध्येच यांकीजचे प्रशिक्षक झालेले श्वेतवर्णीय डिक हाउझर 1980 मध्ये व्यवस्थापक झाले. तोवर हृदयाच्या आजाराने हॉवर्ड यांना मैदानापासून दूर नेले होते. 14 डिसेंबर 1980 रोजी, वयाच्या 51 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा 32 क्रमांक यांकीजने 1984 मध्ये निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणालाही न देण्याचे ठरवले.