सर्वपक्षीय समिती आणि समसमान समिती: गल्लत कुठे होते

तपोवनातली झाडे असोत की गोदावरीचे पाणी, नाशकात विषय तापला की निवेदनात एक ओळ हमखास येते: ‘सर्वपक्षीय समिती नेमा.’ लिहिणाऱ्याच्या मनात असते अशी समिती, जिथे कोणाची एकट्याची चालणार नाही. हाती पडते ती वेगळीच.

सर्वपक्षीय समिती बनते तौलनिक संख्याबळावर, म्हणजे सभागृहात ज्या पक्षाचे जितके सदस्य, त्या प्रमाणात समितीत जागा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३१ अ तेच सांगते. पक्षाने आपला गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवायचा (नाशिककरांना त्यासाठी नाशिकरोडपर्यंतच जावे लागते), गटनेत्याने नावे द्यायची आणि ती सभागृहात जाहीर व्हायची.

सोबत कॅल्क्युलेटर घ्या. नाशिक महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत १२२ जागांपैकी भाजप ६६, शिवसेना ३५, काँग्रेस आणि राष्ट्रवादी प्रत्येकी ६, मनसे ५. स्थायी समितीत जागा १६. पक्षाचे संख्याबळ गुणिले १६ भागिले १२२ केले की भाजपचे ८.६६ येतात, शिवसेनेचे ४.५९, काँग्रेस-राष्ट्रवादीचे प्रत्येकी ०.७९ आणि मनसेचे ०.६६. आधी पूर्णांक वाटायचे: ८ आणि ४, झाल्या १२. उरलेल्या चार जागा मोठ्या अपूर्णांकांना. भाजप ९ वर पोचतो, शिवसेना ४ वर थांबते. आता समजा, भाजपच्या दोन जागा रिकाम्या झाल्या आणि भागाकार १२० ने केला. भाजप ८.५३, शिवसेना ४.६७. शेवटची जागा शिवसेनेकडे सरकते आणि भाजप १६ पैकी ८ वर येतो, म्हणजे समितीतले बहुमत गेले. एवढ्याशा अपूर्णांकावरून कोर्टकचेरी होते, ती उगाच नव्हे.

पण गणित कितीही काटेकोर असले तरी सभागृहातले बहुमत समितीत उतरावे, हाच त्याचा हेतू. विरोधकांना खुर्ची मिळते, अडवण्याची ताकद मिळत नाही. विधिमंडळातही तेच. शक्ती विधेयक किंवा जनसुरक्षा विधेयक ज्या संयुक्त चिकित्सा समित्यांकडे गेले, त्यांत विरोधी आमदार होते. मतदान झाले तर पारडे सरकारचेच जड. विरोधी सदस्याचे खरे हत्यार भिन्नमतपत्रिका, म्हणजे अहवालाला जोडलेली लेखी असहमती. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधकांना देण्याचा संकेत आहे खरा, पण सदस्यांची वाटणी तिथेही संख्याबळानेच.

समसमान समितीची, म्हणजे दोन्ही बाजूंचे सदस्य सारखेच असलेल्या समितीची, घडण मुळातच वेगळी. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २०१९ मध्ये आपलाच कारभार सुधारण्यासाठी एक समिती नेमली. बहुमत डेमोक्रॅटांचे होते, तरी सदस्य ६ आणि ६. शिफारस मंजूर व्हायला दोन-तृतीयांश मते, म्हणजे सगळे हजर असतील तर ८. एका बाजूचे सहाही जण एक झाले तरी समोरचे दोन लागणारच. कर्मचारी दोन्ही पक्षांना मिळून एकच ठेवले, आणि सदस्य पक्षवार न बसता मिसळून बसले. २०२२ च्या अखेरीपर्यंत २०२ शिफारशी निघाल्या. किंमतही होतीच: या समितीला विधेयक मांडून पुढे नेण्याचा अधिकार नव्हता. शिवाय दोन-तृतीयांशाच्या चाळणीतून सहसा प्रशासकीय सुधारणा सुटतात, कळीचे वाद मागेच राहतात.

नाशकात अशी समिती हवी असेल तर कलम ३१ अ आडवे येते. महापालिकेच्या रीतसर समितीत संख्याबळ टाळता येत नाही. सल्लागार स्वरूपाची समिती मागता येईल, पण तिच्या शिफारशी पुन्हा महासभेपुढेच जाणार. मग निवेदनात ‘सर्वपक्षीय’ एवढेच लिहून भागत नाही. दोन्ही बाजूंचे सदस्य किती, ठरावाला किती मते, मुदत काय, इतिवृत्त किती दिवसांत जाहीर होणार, हे आकड्यांत लिहावे. गणपूर्तीकडे (बैठकीला किमान किती सदस्य हजर हवेत) तर कोणी बघतच नाही: नुसती ‘निम्मे सदस्य’ अशी अट ठेवली तर ६-६ च्या समितीत एकच बाजू बैठक उरकू शकते. ‘प्रत्येक बाजूचे किमान तीन’ असे लिहिले तर ती पळवाट बुजते.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र ‘बाजू’ म्हणजे काय, हाच. अमेरिकेत पक्ष दोन, वाटणी सोपी. आपल्याकडे वर सत्तेत एकत्र असलेले पक्ष महापालिकेत एकमेकांविरुद्ध लढतात आणि मुदतीच्या मध्यात गटही फुटतात. म्हणून कोणत्या तारखेची गटनोंदणी धरून सत्ताधारी आणि विरोधी ठरवायचे, आणि एखाद्याने बाजू बदलली तर त्याची खुर्ची जुन्या बाजूकडे राहणार की नाही, हे ठरावातच नमूद करावे लागते.