निम्न व्हीएचएफ पट्ट्यातील डिजिटल दूरचित्रवाणीचे ग्रहण

अमेरिकेत चॅनेल २ ते ४ (५४–७२ मेगॅहर्ट्‌झ) आणि ५ व ६ (७६–८८ मेगॅहर्ट्‌झ) मिळून निम्न व्हीएचएफ (अति उच्च कंप्रतेचा खालचा) पट्टा होतो. १२ जून २००९ रोजी पूर्णशक्ती केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले, तेव्हा या पट्ट्यात मोजकीच केंद्रे उरली. चॅनेल ६ वरील फिलाडेल्फियाचे डब्ल्यूपीव्हीआय त्यांपैकी एक. शहरातच चित्र मिळेना, म्हणून त्याची शक्ती सुमारे साडेसात किलोवॉटवरून ३० च्या घरात न्यावी लागली.

दोष नेमका कशाचा, यावर मतभेद आहेत. काही जण अपुऱ्या अँटेनाकडे बोट दाखवतात. घरगुती विद्युत गोंगाट (उपकरणांतून निघणाऱ्या नको त्या रेडिओलहरी) हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. नियोजनात या पट्ट्यासाठी २८ डेसिबल (डीबी, १ मायक्रोव्होल्ट प्रतिमीटरच्या तुलनेत) एवढे क्षेत्रबल, म्हणजे अँटेनापाशी सिग्नलची तीव्रता, पुरेसे धरले होते; यूएचएफ या अधिक कंप्रतेच्या पट्ट्यासाठी ४१. त्या हिशेबात मुख्यतः ग्राहकसंचाचा स्वतःचा गोंगाट होता. एलईडी दिवे, चार्जर, वीजवाहिन्यांवरील ठिणग्या यांचा गोंगाट कंप्रता कमी होत जाते तसा वाढतो. ॲनालॉग चित्रात तो ठिपक्यांच्या रूपाने दिसे. डिजिटल चित्र मात्र सिग्नल-गोंगाट गुणोत्तर सुमारे १५ डीबीखाली गेले की थिजते किंवा नाहीसेच होते.

लांबीचीही अडचण आहे. चॅनेल ६ साठी अर्धतरंग द्विध्रुवाची (दोन काड्यांच्या साध्या अँटेनाची) प्रत्येक काडी सुमारे ८४ सेंमी. लागते, चॅनेल २ साठी सुमारे १२५. भिंतीला चिकटवायच्या चपट्या अँटेना इथे जवळपास निरुपयोगी ठरतात. दूरदर्शनचे मुंबई केंद्र ॲनालॉग काळात चॅनेल ४ वर होते. गच्चीवरच्या त्या लांब काड्या याच कारणाने.

अँटेना घेण्याआधी केंद्राचे प्रक्षेपण प्रत्यक्षात ज्यावर होते तो खरा चॅनेल तपासावा. पडद्यावरचा आकडा आभासी असतो. एएम रेडिओ बॅटरीवर लावून घरातले एमसीबी एकेक पाडावेत. खरखर थांबली की उगम सापडला. अँटेना घरापासून दूर, उंचावर लावावी आणि केबलवर तिच्या टोकापाशी फेराइट कडी बसवावी. प्रवर्धकाचा (सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) फायदा बेताचाच, कारण केबलमधील ऱ्हास या कंप्रतेला थोडा असतो आणि अँटेनाने टिपलेला गोंगाटही सिग्नलइतकाच वाढतो. चॅनेल ६ ला ८८ मेगॅहर्ट्‌झपासूनचा एफएम पट्टा खेटून असल्याने जवळच्या एफएम केंद्रामुळे प्रवर्धक बधिर होतो. त्याच्या आधी एफएम गाळणी हवी. पण स्वस्त गाळणी चॅनेल ६ चाही वरचा भाग खाते.

उन्हाळ्यात तुरळक ई-थरामुळे (वातावरणात खूप उंचावर अधूनमधून तयार होणाऱ्या, रेडिओलहरी परतवणाऱ्या थरामुळे) हजार-दोन हजार किलोमीटरवरील केंद्रे अधूनमधून मध्ये येतात. त्यावर उपाय नाही. काही मिनिटांत किंवा तासांत ती आपोआप जातात.