हरलेल्या मतदाराचा विश्वास

निवडणुकीचा निकाल लागला की मतमोजणीवर शंका घ्यायला सुरुवात होते, आणि बहुतेक वेळा ती हरलेल्या बाजूचे समर्थकच घेतात. पुढच्या वेळी पारडं फिरलं की शंका घेणारेही बदलतात. मोजणीची पद्धत मात्र तीच असते!

हे समजायला हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग फार उपयोगी आहे. १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्यांनी १४-१५ वर्षांच्या मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार गट पाडल्याचं सांगितलं. खरं तर वाटणी निव्वळ यदृच्छेने केलेली होती. मग प्रत्येक मुलाने इतर दोघांना गुण वाटायचे होते. त्या गुणांचे पैसे मिळणार होते. स्वतःला काही घेता येत नव्हतं. घेणाऱ्यांची नावं झाकलेली, फक्त गट कळायचा.

त्यातला एक तक्ता बघा. एका टोकाला आपल्या गटातल्याला ७, दुसऱ्या गटातल्याला १. मध्ये १३-१३. दुसऱ्या टोकाला आपल्याला १९, त्यांना २५. आपल्या गटाचा सर्वात जास्त फायदा १९मध्येच आहे. तरीही मुलांची निवड ७-१च्या बाजूला ओढली जात होती. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवं! मुलं एकमेकांना आधीपासून ओळखत होती, पण या गटांमध्ये जुनं वैर नव्हतं. होता तो फक्त गटाचा शिक्का.

माणूस स्वतःची किंमत काही अंशी आपल्या गटावरून ठरवतो, असं ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी पुढे मांडलं. म्हणूनच पक्षाची हार मतदाराला स्वतःची वाटते आणि ‘मोजणीच खोटी’ हे स्पष्टीकरण सोयीचं ठरतं, असं मला वाटतं.

यावरचा एक मार्ग सॅम्युएल गार्टनर आणि जॉन डोव्हिडिओ यांच्या प्रयोगांत दिसतो. दोन्ही गटांना मिळून एकच मोठा गट मानायला लावलं की भेदभाव कमी होतो, कारण कालचे परके आता आपल्यात मोजले जातात. ‘आपण एकाच देशाचे मतदार’ ही ओळख पक्की असेल तर हार पचते. जिंकलेले आपलेच असतात आणि पुढची संधी शिल्लक असते.

पण नुसत्या आपलेपणावर भागत नाही, मोजणी तपासताही आली पाहिजे. तपासणी म्हणजे समाजमाध्यमांवर फिरणारे, मतांच्या आकड्यांतल्या पहिल्या अंकावरून घोटाळा ‘सिद्ध’ करणारे आलेख नव्हेत. त्यामागचा बेनफर्डचा नियम (आकड्यांत पहिला अंक १ सर्वात जास्त वेळा येतो, असं सांगणारा) दहा, शंभर, हजार अशा अनेक पटींत पसरलेल्या आकड्यांना लागू पडतो. मतदान केंद्रं साधारण सारख्या आकाराची असतात, त्यामुळे त्यांच्या आकड्यांना तो लावून घोटाळा सिद्ध होत नाही. खरी तपासणी वेगळी असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७पासून राज्यभर मतपत्रिकांचा यादृच्छिक नमुना माणसं हाताने तपासतात. कोणत्या मतपत्रिका काढायच्या हे ठरवणारा आकडा दहा बाजूंचे फासे टाकून, सर्वांसमक्ष काढला जातो. फासे पडताना हरलेल्या पक्षाचे लोकही तिथे उभे राहू शकतात.