प्रमोशन नको म्हणणारी पिढी

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० मध्ये आणखी ६ बँका सरकारकडे आल्या. शाखा गावोगाव पसरल्या आणि हजारो मराठी मध्यमवर्गीय घरांत बँकेची नोकरी आली. पंचविशीत चिकटलेला क्लार्क चाळिशीला टेकला की त्याच्यापुढे एक प्रश्न हमखास यायचा : ऑफिसर व्हायचं का?

यात विचार कसला करायचा, असं बाहेरच्याला वाटे. पण क्लार्कचा पगार आणि ओव्हरटाइम बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या द्विपक्षीय करारांनी बांधलेला होता. पहिला करार १९६६ चा. ऑफिसर झालं की ओव्हरटाइम बंद, घरी परतायची वेळ बेभरवशाची आणि बदली देशात कुठेही. १९७९ मध्ये पिल्लई समितीच्या शिफारशींवरून अधिकाऱ्यांच्या श्रेणी सगळ्या सरकारी बँकांत सारख्या झाल्या, वर चढायचा रस्ता स्पष्ट झाला. तो जायचा मात्र घरापासून लांब.

आमच्या घरी बाबांच्या प्रमोशनचं पत्र आलं तेव्हा मी दहावीत होतो आणि आजी अंथरुणाला खिळलेली. आई-बाबा रात्री स्वयंपाकघरात बसून माझ्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडत होते : बदलीच्या गावचं भाडं, खानावळ, महिन्यातून एकदा येण्याजाण्याचा एस.टी.चा खर्च. पगारातली वाढ त्यातच जिरत होती. आईने शाळेतली नोकरी सोडायची का, हे तर कुठल्याच रकान्यात बसेना. बाबांनी नकार लिहून दिला. पुढे त्यांनीच काम शिकवलेली मुलं मॅनेजर होऊन आली. नातेवाइकांनी ‘धडाडी नाही’ म्हटलं, ते मला आजही लागतं. पहाटे उठून आजीचं सगळं करून, मग डबा घेऊन निघणारे बाबा मी रोज पाहिलेत.

बायकांच्या वाट्याला हा प्रश्न फारसा यायचाच नाही. कितीतरी जणींनी प्रमोशनच्या परीक्षेचा अर्जच भरला नाही, त्यामुळे त्यांच्या नकाराची नोंदही नाही. महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या किंवा आईवडिलांच्या जवळ नेमणूक द्यावी, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना कळवलं ते २०१४ मध्ये. तोवर ती पिढी निवृत्त होत आली होती.

मधल्या काळात, २०००-०१ मध्ये, व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आली. वय ४० किंवा सेवा १५ वर्षं, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे जास्तीत जास्त ६० दिवसांचा पगार. सुमारे लाखभर लोक बाहेर पडले. घराचं कर्ज फिटलं, मुलीचं लग्न झालं. मागे राहिलेल्यांच्या टेबलावर कामाचा ढीग वाढला.

२०११ पासून स्टेट बँक सोडून बाकी सरकारी बँकांची क्लार्क भरती आयबीपीएस या बँक भरती संस्थेच्या सामाईक परीक्षेतून होते आणि या जागा राज्यवार असतात. पीओची, म्हणजे थेट ऑफिसर होण्याच्या परीक्षेची, तयारी असूनही क्लार्कचाच अर्ज भरणारी मुलंमुली मला भेटतात. कारण विचारलं की आधी आईवडिलांचं वय सांगतात.