हणजुणेचं शैवाल आणि मऊ बिछान्यावरची चेतापेशी

पावसाळा सरला की गोव्यातल्या हणजुणेच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी सारगॅसम हे तपकिरी समुद्री शैवाल दिसतं. अशा तपकिरी शैवालांच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट असतं, म्हणजे कॅल्शियम मिळालं की मऊ जेल होणारा पदार्थ. ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी १८८१ मध्ये ते वेगळं काढलं, पण प्रयोगशाळेत चेतापेशी घडवताना ते हाताशी येण्यासाठी सव्वाशे वर्षं जावी लागली.

रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातल्या चेतापेशी लसिकेच्या (लिम्फ या शरीरद्रवाच्या) थेंबात वाढवल्या. तंतू पेशीतूनच फुटतो हे तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसलं. १९१४ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: कोळ्याच्या जाळ्याचा धागा दिला की भ्रूणपेशी त्याला धरून सरकतात. वेलीला मांडव हवा, तसा पेशीला आधार हवा. या निरीक्षणाचं मोल ओळखायला फार उशीर झाला. पुढची अनेक दशकं पेशी काचेवर आणि प्लॅस्टिकवर वाढत राहिल्या आणि सगळं लक्ष वाढ-घटकांवर, म्हणजे पेशींना वाढवणाऱ्या प्रथिनांवर राहिलं. १९९२ मध्ये प्रौढ उंदराच्या मेंदूत मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडतात अशा पेशी) सापडल्या, २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींपासून मूलपेशी करता आल्या. पेशींचा प्रश्न सुटला, आधाराचा तसाच राहिला.

२००६ मध्ये एंग्लर आणि डिशर यांच्या गटाने अस्थिमज्जेतल्या मूलपेशी कमी-जास्त कडक जेलवर ठेवल्या. कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. ०.१ ते १ किलोपास्कल, म्हणजे मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या फांद्या काढू लागल्या. २५ ते ४० किलोपास्कलवर हाडाकडे वळल्या. मात्र चेतापेशीसारखी दिसणारी पेशी विद्युत संदेश पाठवतेच असं नाही. बीटा-३ ट्युब्युलिन या चेतापेशीची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाचा रंग चढला एवढ्यावर थांबू नये, पेशी विद्युतस्पंद देते का हेही मोजावं. २००९ मध्ये मेंदूतल्या मूलपेशी अल्जिनेटच्या आत ठेवून केलेल्या प्रयोगात सुमारे १८० पास्कलचं, सर्वांत मऊ जेल सरस ठरलं.

करायला सोपं वाटतं: १ ते २ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये पेशी मिसळायच्या आणि द्रावण कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब-थेंब सोडायचं. पण थेंबाचं कवच आधी घट्ट होतं, गाभा ढिला राहतो आणि एकाच मण्यात दोन कडकपणा तयार होतात. कॅल्शियम कार्बोनेट आणि सावकाश आम्ल तयार करणारं ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरलं तर कॅल्शियम हळूहळू सुटतं, जेल एकसारखं बसतं. तेच जेल फॉस्फेट बफरमध्ये धुतलं की कॅल्शियम निघून जातं आणि मणी विरू लागतात, म्हणून धुण्याच्या द्रावणात फॉस्फेट टाळून थोडं कॅल्शियम ठेवावं. नुसत्या अल्जिनेटला पेशी चिकटतही नाहीत, कारण अल्जिनेटला धरणारे ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरची पकड घेणारी प्रथिनं) त्यांच्याकडे नसतात. त्यासाठी आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा जोडावा लागतो. जेल जाड झालं तर मधल्या पेशी प्राणवायूवाचून मरतात. एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडे तो पुरेसा पोचत नाही. आणि सगळं जमलं तरी नॉगिनसारखे (पेशीला चेतापेशी होण्याकडे वळवणारं एक प्रथिन) रासायनिक संकेत लागतातच, नुसता मऊपणा पुरत नाही.

हे सारं अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चाललेलं काम आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तजनक (रक्त तयार करणाऱ्या) मूलपेशींच्या मान्यताप्राप्त प्रत्यारोपणाखेरीज रुग्णाला मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. कण्याच्या दुखापतीवर मूलपेशींचा उपचार कुणी सुचवला, तर घरच्यांनी आधी त्या चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा आणि तो स्वतः सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तपासावा.